बिघाड केव्हांपासून?

यंत्रांविषयीं लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आम्ही भाषेचे शिक्षक. क्रियापदाचें रूप चुकलें तर तें आमच्या ध्यानांत येतें. एंजिनाचा ठोका चुकला तर तो आमच्या कानांस कळेलच असें नाहीं. तरी पण सन २०१८ च्या उन्हाळ्याच्या सुटींत एका जुन्या मोटारीनें आम्हांस जो धडा दिला, तो आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या कानीं घालावा, असें फार दिवसांपासून मनांत होतें. तो धडा आम्ही उशिरां शिकलों व त्या उशिराची किंमत दुसऱ्यास द्यावी लागली, म्हणून हा लेख.

त्या वर्षीं शिक्षकांच्या एका भेटयोजनेंतून सहा आठवडे इंग्लंडांत राहण्याचा योग आला. कॉव्हेंट्री शहराजवळच्या एका खेड्यांत, एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या घरीं आमची सोय झाली होती. हे गृहस्थ पंचाहत्तरीचे, विधुर व मितभाषी होते. घरामागच्या गॅरेजांत त्यांची दोन आसनांची लाल मोटार असे: ट्रायम्फ टी. आर. ६, सन १९७१ ची, कॉव्हेंट्रीसच तयार झालेली. दर जून महिन्यांत, विवाहाच्या वाढदिवशीं, तींत बसून पतिपत्नी वेल्सच्या समुद्रकिनाऱ्यास जात. पत्नीच्या मागेंहि त्यांनीं तो नेम मोडला नव्हता. परंतु त्या वर्षीं मोटार आजारी होती. अर्धा-पाऊण तास नीट चाले, मग अडखळूं लागे व भर रस्त्यांत बंद पडे. अर्धा तास विसावा दिला कीं पुन्हां चालू!

येथें आमच्या बालवाचकांसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. पेट्रोल हवेंत योग्य प्रमाणांत मिसळल्यावांचून एंजिनांत नीट जळत नाहीं. हें मिश्रण करण्याच्या दोन रीति आहेत. पहिली कार्बुरेटरची. एंजिन हवा आंत ओढतें. ती हवा एका अरुंद गळ्यांतून वेगानें जातांना तेथील दाब कमी होतो, आणि शेजारच्या वाटींतलें पेट्रोल बारीक छिद्रांतून आपोआप ओढलें जाऊन त्याचे तुषार होतात. आमच्या वडिलांच्या स्कूटरला हीच योजना होती. थंडीच्या सकाळीं चोक ओढणें, जेट काढून फुंकर मारणें, हीं कामें त्या काळीं घरोघर मुलांच्या वांट्यास येत. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींतहि कार्बुरेटरच असे. दुसरी रीत इंजेक्शनची. हींत पेट्रोल पंपानें दाबून, मोजून, एंजिनाच्या तोंडाशीं फवारलें जातें. सन २०२० च्या एप्रिलपासून धुराविषयींचे कडक नियम लागू झाल्यावर आपल्याकडील बहुतेक नव्या दुचाकींसहि इंजेक्शनच आलें. त्यामुळें आजच्या पुष्कळ मुलांनीं कार्बुरेटर पाहिलाहि नसेल.

इंग्लंडांत तयार होणाऱ्या स्पोर्ट्स मोटारींत इंजेक्शन प्रथम आलें तें सन १९६७ च्या टी. आर. ५ मध्यें, तेंच पुढें टी. आर. ६ मध्यें आलें. आजच्यासारखा संगणक तेव्हां त्यांत नव्हता. सर्व कारभार यांत्रिक होता. मागच्या सामानाच्या पेटींत विजेचा पंप. तो पेट्रोल दर चौरस इंचास १०० पौंडांहून अधिक दाबानें पुढें लोटी. पुढें एक मोजणी-यंत्र. तें एंजिनाच्या गतीबरोबर फिरून सहा सिलिंडरांस त्यांचा त्यांचा वांटा पाळीपाळीनें देई. २४९८ घन सेंटिमीटरच्या त्या एंजिनास या योजनेनें १५० अश्वशक्तीचा जोर येई. अमेरिकेंत मात्र धुराच्या निर्बंधांमुळें हीच मोटार नवी असतांनाच दोन कार्बुरेटर लावून विकली जाई. इंजेक्शनाचा पंप चालतां चालतां तापतो, अशी त्याची ख्याति होती. तो निववण्यासाठीं त्यावर गोठलेल्या मटाराची पिशवी ठेवावी, असें तिकडे अजूनहि थट्टेनें सांगतात.

तेव्हां मोटार तापून थांबते म्हटल्यावर दोष कोणाचा, याविषयीं गांवांत कोणास शंकाच राहिली नाहीं. जो तो म्हणे, इंजेक्शन काढा, कार्बुरेटर बसवा, सुखी व्हा. यजमानांसहि तें पटलें. आम्हीं तर अज्ञानाच्या पूर्ण आत्मविश्वासानें दुजोरा दिला. सुमारें ७०० पौंड खर्चून त्यांनीं जुने एस. यू. जातीचे दोन कार्बुरेटर व त्यांस लागणारी नळ्यांची जोडणी आणली.

पुढचे दहा दिवस आम्ही दिवा धरण्याचें व चिठ्या लिहिण्याचें काम केलें. सहा फवारे, त्यांच्या नळ्या, मोजणी-यंत्र, मागचा पंप, एकेक वस्तु निघाली. प्रत्येकीस नांवाची चिठी बांधून, तेलकट कागदांत गुंडाळून ती एका लांकडी पेटींत ठेवली. मोजणी-यंत्राच्या जागीं झांकण आलें. टांकीकडे परतणारी नळी बंद केली. कार्बुरेटरास चौरस इंचास ३-४ पौंडांचा दाब पुरतो, म्हणून नवा लहान पंप बसविला. शेवटीं दोन्ही कार्बुरेटरांचा मेळ घालणें आलें. रबरी नळीचें एक टोंक कानास व दुसरें कार्बुरेटरच्या तोंडाशीं धरावयाचें आणि दोन्हींकडचा हवेचा सूं-सूं आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवावयाचे. हें काम मात्र आमच्याकडे आलें व साधलेंहि. संध्याकाळच्या गारव्यांत आम्ही गांवाभोवतीं दोन फेऱ्या मारल्या. मोटार लोण्यासारखी चालली. यजमानांनीं त्या दिवशीं जेवतांना पत्नीच्या पुष्कळ आठवणी सांगितल्या.

ठरल्या दिवशीं आम्ही दोघे वेल्सकडे निघालों. ऊन तिकडच्या मानानें कडक होतें. पाऊण तास झाला नाहीं तोंच मोटार अडखळली आणि थांबली, अगदीं पूर्वीसारखी! यजमान कांहीं बोलले नाहींत. चाकावर दोन्ही हात ठेवून ते समोर पाहत राहिले. आम्हांसहि शब्द सुचेना.

रस्त्यालगतच्या शेतांत एक म्हातारा मनुष्य ट्रॅक्टर दुरुस्त करीत होता. तो हात पुसत आला. त्यानें कार्बुरेटरकडे पाहिलेंहि नाहीं. त्यानें विचारलें, “हें केव्हांपासून होतें आहे?”

“मार्चपासून,” यजमान म्हणाले.

“मग मार्चमध्यें काय बदललें?”

“कांहीं नाहीं. नेहमींची वार्षिक देखभाल. प्लग नवे घातले, रोटर नवा घातला.”

म्हाताऱ्यानें डिस्ट्रिब्यूटरचें झांकण उघडलें. त्यांत रोटर नांवाचा अंगठ्याएवढा एक तुकडा फिरत असतो; प्रत्येक सिलिंडरास त्याच्या पाळीस ठिणगी पोंचविणें हें त्याचें काम. कॉइलकडून येणाऱ्या तारेचें टोंक त्या रोटरवरच्या पितळेपासून किंचित् दूर धरून त्यानें एंजिन फिरवावयास सांगितलें. तारेंतून ठिणगी चटकन् पितळेवर उडाली. उडावयास नको होती! रोटर तापला कीं त्याच्या खिळ्यांतून वीज खालच्या दांड्यांत पाझरे, व सिलिंडरांस ठिणगी मिळत नसे. थंड झाला कीं पुन्हां ठीक. नवा म्हणून तो निर्दोष, असें सर्वांनीं धरून चाललें होतें. जुना रोटर सुदैवानें मोटारीच्या खणांत पडलेला होता. तो बसविला, आणि आम्ही सूर्यास्तापूर्वीं समुद्र पाहिला. चार-पांच पौंडांच्या वस्तूसाठीं निर्दोष यंत्र उपटून काढलें होतें!

येथवरची गोष्ट विनोदाची म्हणून आम्हीं परतल्यावर शिक्षकांच्या खोलींत सांगितली. सर्व हंसले, आम्हीहि हंसलों. मग तास घेण्यास वर्गांत गेलों आणि हंसूं मावळलें.

आमच्या वर्गांत एक मुलगा होता. सकाळच्या तासांना चलाख, पण दुपारीं गप्प. प्रश्न विचारला तर नुसता पाही. गुण उतरत चालले होते. ‘याला हा अभ्यास झेपत नाहीं,’ असा आम्हां शिक्षकांचा एकमतानें निर्णय झाला होता. सुटीपूर्वीं आम्हींच त्याच्या वडिलांस बोलावून, त्याला अ तुकडींतून सोप्या क तुकडींत घालण्यास त्यांचें मन वळविलें होतें. आतां तो क तुकडींत बसत होता, आणि तेथेंहि दुपारीं गप्पच होता. कार्बुरेटर बसला होता, मोटार तेथेंच थांबत होती.

धीर करून त्या मुलास विचारावयास आम्हांस सप्टेंबर उजाडला. “बाळ, हें केव्हांपासून?”

“दिवाळीपासून, सर.”

“दिवाळींत काय झालें?”

पुष्कळ वेळानें उत्तर आलें. दिवाळीनंतर आईस इस्पितळांत पहांटेचें काम मिळालें होतें. घरांत डबा एकच होऊं लागला होता. तो मधल्या सुटींत प्राथमिक शाळेंतील धाकट्या बहिणीस नेऊन देई व नळावर पाणी पिऊन वर्गांत येई. “तिला सांगूं नका, सर. तिला वाटतें कीं मी अगोदर खाल्लें आहे,” एवढेंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून डब्याची व्यवस्था झाली. ती कशी झाली, हें लिहिण्याजोगें नाहीं. महिनाभरांत तो दुपारीं बोलूं लागला. आम्हीं मुख्याध्यापकांपुढें आपली चूक मांडली व त्यास परत अ तुकडींत घेतलें. परंतु इतर मुलें तोंपर्यंत बरीच पुढें गेलीं होतीं, व तें अंतर भरून काढण्यास त्यास रात्री जागाव्या लागल्या.

त्या नाताळांत यजमानांचें पत्र आलें. हिवाळ्यांत त्यांनीं ती लांकडी पेटी उघडून इंजेक्शन पुन्हां बसविलें होतें. आमच्या चिठ्यांमुळें प्रत्येक वस्तु आपल्या जागीं गेली, असें त्यांनीं कौतुकानें कळविलें होतें. पत्र वाचून आनंद झाला व वाईटहि वाटलें. यंत्राचे भाग आम्हीं जपून ठेवले होते. मुलाचे क तुकडींतले महिने कोणत्याहि पेटींत नव्हते.

कार्बुरेटर वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. साधें यंत्र पुष्कळदां खरोखरच सोयीचें असतें, आणि मुलासहि कधीं सोपी वाट हवी असते. पण पालकहो, शिकवणी बदलण्यापूर्वीं, शाळा बदलण्यापूर्वीं, मुलगा ‘ढ’ आहे असें ठरविण्यापूर्वीं त्यास जवळ बसवून एवढें विचारा, कीं हें केव्हांपासून? मुलांनो, तुम्हांसहि विनंति कीं, कोणी विचारलें तर सांगा. आणि कोणी विचारलें नाहीं तरी सांगा.