वाटेवरचे कापूरहोळ

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या माणसाला कापूरहोळ ठाऊक नाही असे सहसा होत नाही. आणि त्याने कापूरहोळ पाहिले आहे असेही सहसा होत नाही. पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर हा फाटा लागतो. एक रस्ता भोरला जातो, दुसरा नारायणपूर-सासवडला. येथे चहा प्यायचा, वाट विचारायची आणि पुढे जायचे, एवढाच आपला या गावाशी संबंध. मीही तीस वर्षे तेच केले. पण गेल्या हिवाळ्यात ब्याऐंशी वर्षांच्या आईने हट्ट धरला, ‘‘अरे, एकदा मला कापूरहोळला उतरव.’’

कारण पुढे सांगतो. आधी प्रथमच जाणाऱ्यांसाठी चार अनुभवाचे बोल.

पहिली गोष्ट, फाट्यावर वाट विचारायला लाजू नका. मी एकदा मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर, ‘‘विचारा की कुणाला तरी!’’ हा सौभाग्यवतींचा सल्ला धुडकावून ऐटीत वळलो. निघालो होतो नारायणपूरला आणि दर्शन घडले भोरच्या राजवाड्याचे! वाडा १८६९ सालचा, पंतसचिवांचा. पाहण्यासारखा आहे, पण ठरवून पाहावा. भोरच्या पुढे वरंधा घाटाने महाडला उतरायचे असेल, तर पावसाळ्यात निघण्यापूर्वी घाट खुला आहे की नाही याची चौकशी अवश्य करा.

दुसरी गोष्ट, एका दिवसात सारे उरकण्याचा मोह टाळा. केतकावळ्याचा बालाजी, नारायणपूर आणि पुरंदर ही पूर्वेची वाट. बनेश्वर, राजगड आणि तोरणा ही पश्चिमेची. पश्चिमेला जायचे तर कापूरहोळच्या अलीकडेच नसरापूर फाट्याला वळावे लागते. एका दिवशी एकच दिशा धरा. पुरंदर लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र जवळ ठेवा आणि सकाळी लवकर पोहोचा. राजगडला मुलेबाळे बरोबर असतील तर पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट धरा. गुंजवण्याकडून चोरदरवाजाने जाणारी वाट शेवटी चांगलाच घाम काढते. पाणी घरून न्या. २०२५ साली राजगडाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला, पण त्यामुळे गडाची चढण काही कमी झालेली नाही!

तिसरी गोष्ट आईने शिकवली. ती अशी, की या दोन वाटांच्या मधल्या गावात उतरायचे.

संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. सईबाईंची प्रकृती नाजूक, बाळाला दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊ बाळाची दूधआई झाली. पुढे १६५९ च्या सप्टेंबरात सईबाई राजगडावर वारल्या. त्यांची समाधी गडाच्या पायथ्याशी पाल येथे आहे. राजपुत्र तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचा होता. म्हणजे पूर्वेला त्याचा जन्म झाला, पश्चिमेला त्याची आई गेली. आणि ज्या बाईने त्याला छातीशी धरले, तिचे गाव या दोन गडांच्या बरोबर मध्ये!

हे सारे मला पाठ होते. आईचे मात्र ठाऊक नव्हते. गाडी फाट्यावर थांबली तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘‘मी तीन महिन्यांची असताना माझी आई गेली, हे तुला माहीत आहे. वाडीतल्या एका बाईने मला पाजलं. तिचं स्वतःचं लेकरू अंगावर होतं, तरी पाजलं. सगळे तिला ‘धाकली’ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणायची. लग्न झाल्यावर दोन दिवाळ्यांना लुगडं पाठवलं. तिसऱ्या वर्षी ती गेल्याचं कळलं. पण तिचं नाव काय, हे मी कधी विचारलंच नाही रे! संभाजीराजांच्या दूधआईचं नाव साडेतीनशे वर्षं राहिलं. माझ्या दूधआईचं मलाच ठाऊक नाही.’’

यावर मी काय बोलणार? मुकाट्याने गाडी हमरस्त्यावरून गावात घेतली.

चहावाल्याने सांगितले होतेच, ‘‘धाराऊचं गाव हेच, आजी.’’ आईला काही पाहायचे नव्हते. ती हळूहळू दोन गल्ल्या चालली. एका ओट्यावर तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन एक तरुण बाई बसली होती. आईने पिशवीतून खण-नारळ काढला.

‘‘कुठल्या म्हणायच्या, आजी? कुणाकडं आलाय?’’ ती गोंधळून म्हणाली.

‘‘तुझ्याकडंच आले समज. आधी तुझं नाव सांग, बाई.’’

ती लाजली, पण तिने सांगितले. आईने तिची ओटी भरली, बाळाच्या गालावरून हात फिरवला आणि आम्ही परत फिरलो.

त्या दिवशी पुरंदर राहिला, राजगडही राहिला. परतीच्या वाटेवर आई खिडकीशी बसून ते नाव पुनःपुन्हा पुटपुटत होती; पुन्हा विसरायला नको म्हणून.