मेळाव्यातले पानतावणे सर

२७ मार्च २०१८ रोजी डॉ. गंगाधर पानतावणे गेले. दुसऱ्या दिवशी विभागात छोटी शोकसभा घेतली. विद्यार्थ्यांपुढे आम्ही तिघे बोललो आणि जे बोललो ते सारे परिचयपत्रातले निघाले. १९३७ साली नागपुरात जन्म, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात व पुढे विद्यापीठात मराठीचे अध्यापन, ‘अस्मितादर्श’चे संपादन, २००९ साली सॅन होजे येथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, नुकतीच जाहीर झालेली पद्मश्री. त्यात चूक काही नव्हते. परंतु आम्हांला आठवत होते ते सर यात कोठेच नव्हते. ते होते मेळाव्यात.

‘अस्मितादर्श लेखक-वाचक मेळावा’ हे नाव आज सहज उच्चारले जाते. त्यातील जोडचिन्हाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. आपल्या संमेलनांत लेखक व्यासपीठावर आणि वाचक खुर्च्यांत, ही वाटणी ठरलेली. (ग्रंथदालनात काय ती दोघांची धक्काबुक्की होते!) येथे ती वाटणीच मान्य नव्हती. साठच्या दशकाच्या अखेरीस नागसेनवनाच्या परिसरात हे त्रैमासिक उभे राहिले. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखडे यांनी तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे येथील तरुणांचे लक्ष वेधले होते. १९६९ च्या ‘मराठवाडा’ दिवाळी अंकात दलित साहित्यावर चर्चा झडली होती. वामन निंबाळकर, यशवंत मनोहर अशी नावे पुढे येत होती. पण त्रैमासिकाची पाने किती असणार? ज्यांची कविता अजून वहीतच होती, त्यांच्यासाठी मेळावा होता. तो एका शहराचा राहिला नाही, गावोगाव भरत गेला. हे घडले त्यामागे सरांची जवळजवळ पाच दशकांची चिकाटी होती. विद्रोहाची भाषा करणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. अंक वेळेवर निघावा म्हणून वर्षानुवर्षे झिजणारे थोडे. आमच्या मते सरांचे मोठेपण या दुसऱ्या गोष्टीत अधिक आहे, आणि समीक्षेने तिची पुरेशी नोंद घेतलेली नाही.

आम्ही एम. ए.ला असताना अशा एका मेळाव्याला गेलो होतो. रात्रीच्या एस.टी.ने प्रवास, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोप. सकाळी नळावर तोंड धुताना शेजारच्या गृहस्थांनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढून विचारले, “जरा बघता का, शुद्धलेखन बरोबर आहे का?” आम्ही भाषेचे विद्यार्थी, उत्साहाने तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. दुपारी त्यांनी ती कविता वाचली. ती त्यांच्या आईवर होती. मध्येच त्यांचा आवाज थांबला, तेव्हा अख्खा मांडव त्यांच्यासाठी थांबून राहिला. कोणी टाळी वाजवून त्यांना सोडवले नाही. आमच्या दुरुस्त्यांची आम्हांला फार लाज वाटली. व्यासपीठावर सर होते. तेही ऐकत होते.

बाहेर टेबलावर मागील अंक मांडलेले होते. आम्ही तिघांनी पैसे गोळा करून एका वर्षाची वर्गणी भरली. पुढे नोकऱ्या लागल्या, वेतन आयोग आले, ‘अस्मितादर्श’च्या संदर्भांनी आमचे शोधनिबंध सजले. वर्गणीचे नूतनीकरण मात्र एकदाही झाले नाही. वाचकाच्या बळावर उभ्या राहिलेल्या उपक्रमाविषयी आम्ही वर्गात तास तास बोललो, पण त्याचे वाचक एकच वर्ष राहिलो.

शोकसभेत शेवटी हे सांगून टाकले. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्यानंतर तुम्ही पुन्हा मेळाव्याला कधी गेलात?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्यानंतर कधीच गेलो नव्हतो.