अबोल्यामागची कळ

‘डोके दुखते’ ही तक्रार आपल्या घरांत इतकी रोजची झाली आहे की ती ऐकून कोणी मान वर करूनही पाहात नाही. बामची बाटली पुढे सरकवली, चहात आले जरा जास्त किसले, की ऐकणाऱ्याचे कर्तव्य संपते. गाल दुखत असेल तर दाढेकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. आमच्या घरी एका हिवाळ्यात या सवयीची जी किंमत मोजावी लागली, तिची ही हकिकत.

१९८२ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. आम्ही ग्वाल्हेरला लश्करात राहात होतो. माझ्या लग्नाला दीड वर्ष झाले होते, आणि घरात कोणाला फारसे न विचारता मी एका शाळेत नोकरी धरली होती. सासूबाई त्यावर काहीच बोलल्या नाहीत. पुढे पुढे तर त्या कोणाशीच बोलेनाशा झाल्या. काही विचारले तर मानेनेच हो किंवा नाही. जेवताना चार घास कसेबसे गिळून उठत. उजव्या गालावर पदर ओढून, खिडकीकडे पाठ करून बसत. मला वाटले, हा माझ्या नोकरीवरचा राग. मग मीही हट्टाने गप्प राहू लागले. एकाच घरात दोन अबोले नांदू लागले.

‘दाढ दुखते’ एवढेच त्यांनी यांना सांगितले होते. लवंगेचे तेल झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या, सुंठीचा लेप झाला. शेवटी दाताच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली. काही दिवसांनी शेजारची दुसरी. कळ होती तेथेच राहिली.

संक्रांतीला घरी हळदीकुंकू होते. सासूबाई बाहेर आल्याच नाहीत. आलेल्या बायका माझ्या हातावर तिळगूळ ठेवून ‘गोड बोला’ म्हणत होत्या, आणि आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहून एकमेकींना खुणावत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीपाशी उभी होते. सासूबाईंनी ओंजळीतले पाणी गालाला लावले मात्र, आणि त्या जागच्या जागी थिजल्या. डोळे गच्च मिटलेले, हात तसाच अधांतरी, पाणी कोपरावरून ठिबकत होते. अर्धा मिनिट असेल नसेल. कळ ओसरली तेव्हा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता. पुढच्या कळेची भीती होती.

“आई, बोलतानाही असेच होते का हो?” मी विचारले. त्यांनी मान हलवली, आणि दोन महिन्यांत प्रथमच माझा हात धरला.

त्याच आठवड्यात आम्ही त्यांना एका वयस्क डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर हिंदीभाषी. “दर्द कैसा है?” त्यांनी विचारले. सासूबाईंचा जन्म ग्वाल्हेरचा. हिंदी त्यांना उत्तम येत असे. पण त्या घटकेला त्यांना ‘बहुत दर्द’ याखेरीज शब्द सुचेना. मग त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “अगं, दाढेसारखे ठणकत नाही. वीज चमकावी तशी चमक मारते, आणि जाते.” मी ते डॉक्टरांना सांगितले, आणि ते खुर्चीत सावरून बसले. कळ किती वेळ टिकते? काही सेकंद. मध्ये पूर्ण आराम? हो. वारा लागला, घास चावला, दात घासले, की येते? हो. रात्री झोपेतून उठवते? सहसा नाही. एकाच बाजूला? हो.

हे दुखणे दाढेचे नव्हतेच, नसेचे होते. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूची संवेदना मेंदूकडे नेणारी एक नस असते. तिच्या तीन शाखा: एक कपाळ व डोळ्याकडची, दुसरी गाल व वरच्या जबड्याची, तिसरी खालच्या जबड्याची. बहुधा एखादी रक्तवाहिनी या नसेच्या मुळाशी चिकटून तिच्यावर दाब देते, आणि साध्या स्पर्शानेही विजेचा झटका बसल्यासारखी कळ उठते. याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. पन्नाशीनंतर, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, हा विकार अधिक आढळतो. कळ जबड्यात उमटत असल्यामुळे चांगले दात हकनाक काढले जाणे ही यातली नेहमीची दुर्घटना.

डॉक्टरांनी कार्बामॅझेपीन दिले. हे मूळचे फिटवरचे औषध. या दुखण्यावर त्याचा गुण १९६२ साली स्वीडनच्या ब्लोम यांनी प्रसिद्ध केला. पहिले काही दिवस सासूबाईंना घेरी येई, झोप येई; मात्रा हळूहळू बसवावी लागली, रक्त तपासावे लागले. अंगावर पुरळ आले तर ताबडतोब कळवा, आणि मनाने औषध बंद करू नका, अशी ताकीद होती. औषधाने भागत नाही त्यांच्यासाठी रक्तवाहिनी नसेपासून दूर करण्याची शस्त्रक्रियाही आहे. आमच्याकडे ती वेळ आली नाही.

निघताना डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी कानशील दाबून बसले होते. माझी अर्धशिशी जुनी: अर्धे डोके ठसठसते, उजेड नको, आवाज नको, मळमळ. त्यांनी एकच विचारले, “महीने में कितने दिन गोली लेती हो?” मी हिशेब केला, निम्म्याहून अधिक दिवस! गोळ्यांचा असा मारा स्वतःच रोजची डोकेदुखी निर्माण करतो, हे मला तेव्हा कळले. त्या कमी करताना पहिला पंधरवडा फार कठीण गेला. मग दिवस मोकळे होऊ लागले.

तेव्हापासून घरात कोणी ‘दुखते’ म्हटले की मी विचारते, कसे दुखते? आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत! पट्टा आवळल्यासारखे दोन्हीकडे जड झाले तर ते बहुधा ताणाचे. ठसठसते आणि हालचालीने वाढते, ती अर्धशिशी असू शकते. चमक मारते, ती नस. मात्र एकाएकी कधी नव्हे असे भयंकर डोके उठले, तापाबरोबर मान ताठली, जीभ वा हातपाय लुळे पडले, किंवा पन्नाशीनंतर कानशील दुखून दृष्टी अंधुक झाली, तर शब्द शोधत बसू नये. तडक इस्पितळ गाठावे.

१९८४ च्या संक्रांतीला सासूबाई स्वतः दारात उभ्या राहून तिळगूळ वाटत होत्या. माझ्या हातावर ठेवताना म्हणाल्या, “नोकरीबद्दल मला काहीच म्हणायचे नव्हते गं. म्हणता येत नव्हते, एवढेच.”

आज त्या नाहीत. पण घरात कोणी गप्प झाले की रागावण्याआधी मी विचारते, “कुठे दुखते आहे का?”