शर्यतीचा चढ आणि सातवीचे गणित

गेल्या हिवाळ्यात एका शर्यतीच्या अंतिम रेषेजवळ आमची मुलगी दोन तास हातात पुठ्ठा धरून उभी होती. ‘शाब्बास पप्पा’ असे तिने आदल्या रात्री जागून रंगवले होते. पप्पा आले, पण संयोजकांच्या टेम्पोतून, सायकल मागे आडवी टाकून. सायकलीची वेळ संपून अकरा मिनिटे झाली होती, म्हणून त्यांना वाटेतच थांबवले होते. परतताना चिपळूण येईपर्यंत आमच्यात कोणी बोलले नाही.

‘आम्ही’ म्हणजे नवराबायको. आमच्यातला एक पोहतो, सायकल चालवतो, धावतो, वय ४६. दुसरी शाळेत गणित शिकवते आणि शर्यतीच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या घेऊन रस्त्याकडेला उभी राहते. शर्यतीची फी मात्र दोघांच्या पगारातून जाते, फजरनंतरचा सराव सांभाळायला घर दोघांना आवरावे लागते. त्यामुळे ती हार दोघांची होती. अब्बांनी तर सांगूनच टाकले, “आता या वयात हे पुरे.”

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये पूर्ण अंतर म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, लगेच १८० किलोमीटर सायकल आणि मग ४२.२ किलोमीटर धावणे. आम्ही याच्या अर्ध्या अंतराच्या शर्यतीला गेलो होतो: १.९, ९० आणि २१.१. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. सुरुवातीपासून साडेपाच तासांत सायकल संपली नाही, तर पुढे धावू देत नाहीत.

नोंदणी करण्याआधी आम्ही मार्ग पाहिला नव्हता असे नाही. सायकलीच्या टप्प्यात एकूण चढ १,५०० मीटर, असे स्पष्ट लिहिले होते आणि तो आकडा खरा निघाला. चुकले आमचे वाचन. १,५०० मीटर ९० किलोमीटरवर पसरले की शंभर मीटरला पावणेदोन मीटरही होत नाहीत. “एवढेच?” असे आम्ही म्हणालो आणि फी भरून मोकळे झालो. पण चढ असा भाकरीवर तूप पसरावे तसा पसरत नाही. तो मार्ग ४५ किलोमीटरच्या दोन फेऱ्यांचा होता आणि प्रत्येक फेरीत एक घाट. दहा किलोमीटरमध्ये ६०० मीटर वर, म्हणजे सहा टक्के, मग तेवढाच उतार. बाकीचा रस्ता किरकोळ वरखाली. नकाशा मोठा करून पाहिला असता तर हे दिसले असते. आम्ही फक्त बेरीज पाहिली.

पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडली गेली. पाण्यातून बाहेर यायला ५५ मिनिटे, कपडे-बूट बदलायला आठ. म्हणजे सायकलीसाठी चार तास सत्तावीस मिनिटे उरली होती. ताशी वीस किलोमीटरच्या थोडे वर गेले तरी पुरे, आणि सपाटीवर आमचा गडी आरामात पंचवीसने जातो. मग अडले कुठे? घाट चढताना वेग ताशी दहा, उतरताना चाळीस. दहा आणि चाळीस यांची सरासरी पंचवीस, असे मनाला वाटते. पण दहा किलोमीटर चढायला एक तास लागतो आणि दहा उतरायला पंधरा मिनिटे. वीस किलोमीटरला सव्वा तास, म्हणजे ताशी सोळाच. दोन फेऱ्यांचे घाट अडीच तास खाऊन गेले, उरलेल्या पन्नास किलोमीटरला दोन तास, पाणी आणि पाय मोकळे करण्यात आठ मिनिटे. बेरीज चार तास अडतीस मिनिटे. अकरा मिनिटे जास्त. तंतोतंत.

हे गणित आमच्यातली एक दरवर्षी सातवीच्या वर्गाला शिकवते. ‘जाताना वेग इतका, येताना इतका, तर सरासरी वेग काढा.’ मुले चुकली की लाल पेनने खुणा करते. त्या रात्री तिने वही मिटली आणि बराच वेळ दिवा तसाच चालू ठेवून बसली.

तेव्हापासून एकूण चढाला किलोमीटरने भागण्याची सवय लावून घेतली. किलोमीटरमागे पाच मीटरच्या आत असेल तर रस्ता सपाट समजायचा, दहाच्या आसपास वरखाली, पंधराच्या वर गेला की डोंगराळ. हे आमचे ठोकताळे आहेत, शास्त्र नव्हे. स्पेनच्या ताब्यातल्या लॅन्झारोटे या ज्वालामुखीच्या बेटावरची पूर्ण अंतराची शर्यत जगातल्या अवघड मार्गांपैकी एक मानतात. तिथे १८० किलोमीटरमध्ये सुमारे २,५०० मीटर चढ आहे, म्हणजे किलोमीटरमागे चौदा. फ्रान्समधल्या नीस शहरात २०२३ साली पुरुषांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे सुमारे २,४०० मीटर, म्हणजे तेरा-साडेतेरा. आमच्या शर्यतीत जवळजवळ सतरा! अंतर निम्मे असले तरी चढाच्या दाटीत आम्ही लॅन्झारोटेच्याही पुढे गेलो होतो, आणि तेही सपाटीच्या सायकलीवर.

सायकलीचे सांगायलाच हवे. तिचे चेनव्हील ३९ दात्यांचे होते आणि मागच्या फ्रीव्हीलमधले सर्वांत मोठे चक्र २५ दात्यांचे. ताशी दहाच्या वेगाने चढताना पॅडलचे मिनिटाला जेमतेम पन्नास फेरे होतात. म्हणजे प्रत्येक फेरा गुडघ्यावर जोर देऊन मारायचा. पुढे ३४ आणि मागे ३२ असते तर त्याच वेगाला पंचाहत्तर फेरे पडले असते आणि पुढच्या धावण्यासाठी पाय उरले असते. वजनाचा हिशेबही केला. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो. तासन्‌तास टिकेल अशी आमच्या गड्याची ताकद दीडशे वॅट धरली, तर ते वजन शंभर मीटर उचलायलाच सव्वानऊ मिनिटे लागतात. आता कुठलाही आकडा वाचला की शंभर मीटरला दहा मिनिटे असे तोंडी मोजतो. यातली काही मिनिटे उतारावर परत मिळतात. सगळी मिळत नाहीत, आणि ओल्या वळणांवर ब्रेक दाबतच उतरावे लागले तर फारच थोडी.

आकड्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे नंतर कळले. आमच्याच एका सरावाच्या फेरीला हातातल्या घड्याळाने ६४० मीटर चढ दाखवला आणि फोनमधल्या नकाशाने ९१०. कारण शोधले. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अमेरिकी अंतराळयानाने अकरा दिवस रडारने पृथ्वीची उंची मोजली. पुष्कळ नकाशे अजून त्याच मोजणीवर चालतात. त्यात जमीन तीस किंवा नव्वद मीटरच्या चौकोनांत विभागलेली असते. घाटात अशा एका चौकोनात रस्ता, वरचा कडा आणि खालची दरी असे सगळेच सापडते. मग सरळ चढणारा रस्ता नकाशात करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो आणि प्रत्येक दाता बेरजेत भर घालतो. नदीवरच्या पुलाचेही तसेच. वाशिष्ठीच्या पुलावरून गेलो तर नकाशाच्या मते आम्ही नदीत उतरून पुन्हा काठावर चढलो! हवेच्या दाबावरून उंची मोजणारे घड्याळ त्यातल्या त्यात बरे, पण पावसाळी हवेत तेही थोडे भरकटते. मार्गाचा चित्ररूप आलेख तर आम्ही आता शेवटी पाहतो. कागदात बसवायला उंची ताणलेली असते, त्यामुळे साधी टेकडीसुद्धा हिमालय दिसते, आणि खरा घाट तिच्याइतकाच दिसतो.

सपाट म्हणजे सोपे, असेही नाही. दुबईत राहणारा मामेभाऊ म्हणतो, “इकडे या, अल कुद्राच्या रस्त्याला चढ शोधून सापडणार नाही.” तो स्वतः तिथे सायकल चालवतो. पण वाळवंटातला समोरचा वारा चढासारखाच बोकांडी बसतो, हेही तोच सांगतो. शिवाय सपाटीवर उतार नसतो, त्यामुळे पायांना विसावा नाही आणि बैठक तासन्‌तास एकच.

या सगळ्या आकडेमोडीत एक माणूस आम्ही विसरलो होतो. अब्बांनी चिपळूण आगारात एसटी चालवली. कुंभार्ली घाटातून कराडला, कोल्हापूरला किती खेपा केल्या याची गणती नाही. ज्या घाटात आमची शर्यत बुडाली, तोही त्यांच्या पायाखालचा. वहीतला हिशेब आम्ही त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, “तिसऱ्या वळणानंतर मी गाडी दुसऱ्यात टाकायचो. देवळाच्या पुढे पहिल्यात. ते दोन किलोमीटर सरळ दिसतात, पण तिथेच गाडी दम टाकते. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

तो सरळ दिसणारा तुकडा आमच्या नोंदीत होता. दुसऱ्या फेरीत वेग ताशी आठवर आला तो तिथेच. “हे पुरे” या त्यांच्या शब्दांचा आम्ही राग धरला होता. त्यामागे गाडी दम टाकते ती जागा त्यांना ठाऊक होती, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते.

आता गोव्याच्या शर्यतीची नोंदणी समोर आहे. मिरामारच्या समुद्रात पोहून सुरू होणारी अर्ध्या अंतराची ही शर्यत २०१९ साली पहिल्यांदा झाली. जुन्या स्पर्धकांचे अनुभव ऐकले, पण शर्यतीचे मार्ग बदलत असतात, म्हणून यंदाचाच नकाशा छापून घेतला आहे. प्रत्येक चढाच्या बाजूला पेन्सिलीने लिहिले आहे: कितव्या किलोमीटरला, किती लांब, किती टक्के, आणि आमच्या पोफळीपासून घाटमाथ्यापर्यंतच्या चढाच्या मानाने किती. या शेवटच्या मापाचा सर्वांत जास्त उपयोग होतो, कारण तो चढ आमच्या पायांना पाठ आहे. सायकलीला मागे ३२ दात्यांचे चक्र बसवले आहे. धावण्याच्या मार्गावरचे चढ वेगळ्या रंगाने रंगवले आहेत. नव्वद किलोमीटर सायकलीनंतर तिथे छोटासा पूलही घाट वाटतो.

फी अजून भरलेली नाही. मार्गावरच्या एका चढापुढे प्रश्नचिन्ह आहे. घड्याळ आणि नकाशा यांचे तिथे पटत नाही, आणि तो दुसऱ्या फेरीत, पाय थकल्यावर पुन्हा येतो. येत्या शनिवारी कोकण रेल्वेने गोव्याला जाऊन तो प्रत्यक्ष पाहायचा, असे ठरले. दोन तिकिटे काढायला बसलो, तेव्हा अब्बा खुर्ची ओढून जवळ आले. चष्मा लावून नकाशावर बोट फिरवले आणि त्या प्रश्नचिन्हाजवळ थांबले.

“तीन काढा,” म्हणाले.