क्वार्टर सोडले, शेअर सोडू नका



घरातला माणूस निवृत्त व्हायला आला की आपण तीन गोष्टी विचारतो. ग्रॅच्युइटी किती, फंड किती आणि क्वार्टर कधी रिकामे करायचे? नोकरीत असताना घेतलेल्या कंपनीच्या शेअरचे पुढे काय, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

आपल्या ऊर्जानगरात बहुतेक घरे वीज केंद्रातली, पण शेजारीच दुर्गापूरला वेकोलिची कोळसा खाण. ऑक्टोबर २०१० मध्ये कोल इंडियाचे शेअर विक्रीला निघाले. वेकोलि ही तिचीच कंपनी, म्हणून कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या दहा टक्क्यांत इथल्या लोकांनाही अर्ज करता आला. भाव २४५ रुपये होता. कर्मचाऱ्यांना पाच टक्के सूट, म्हणजे २३२ रुपये ७५ पैशांना एक शेअर.

माझ्या एका मैत्रिणीच्या यजमानांनी तेव्हा असे शेअर घेतले होते. पुढे ते निवृत्त झाले, पगाराचे खाते बंद केले, क्वार्टर सोडून चंद्रपुरात राहायला गेले आणि दोन वर्षांत वारले. नंतर कपाट आवरताना डीमॅटचा जुना कागद निघाला. ती म्हणाली, "नोकरीच संपली, आता याचे काय मिळणार?"

मी म्हटले, "अगं, क्वार्टर कंपनीचे होते म्हणून परत केले. शेअर भाऊजींनी स्वतःच्या पैशाने घेतलेले. नोकरी सुटली म्हणून मालकी सुटत नाही."

खरी काळजी वेगळीच होती. लाभांश बंद झालेल्या खात्यावर जात होता आणि परत फिरत होता. सलग सात वर्षे लाभांश कुणी घेतला नाही, तर तो आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तिथून परत मागता येतात, पण कागदपत्रांचा खटाटोप फार. तिची पाच वर्षे उलटली होती. सुदैवाने वारसदार म्हणून तिचेच नाव लावलेले होते. मृत्यूचा दाखला, तिचे स्वतःचे डीमॅट खाते आणि चालू बँक खाते, एवढ्यावर शेअर तिच्या नावावर झाले. थकलेला लाभांशही आला.

वारशाने शेअर आले म्हणून कर लागत नाही, पण लाभांश आपल्या उत्पन्नात धरला जातो. खरेदीचा कागद जपून ठेवा, विकताना नफा काढायला तोच लागतो.

पुणे-बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलासुनांची गोष्ट थोडी निराळी. त्यांना बरेचदा शेअर नव्हे, ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क मिळतो. तो किमान एक वर्षाने आणि बहुधा टप्प्याटप्प्याने पक्का होतो. नोकरी सोडली की पक्का न झालेला हक्क संपतो. पक्का झालेला हक्कही ठरलेल्या मुदतीत वापरावा लागतो. म्हणून राजीनाम्याआधीच कंपनीचे पत्र काढून मुदत वाचायला सांगा. कर्मचारी नोकरीत असतानाच वारला, तर मात्र त्याला दिलेले सगळे हक्क वारसाकडे येतात. सुनांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

कुणी म्हणेल, धर्म अपरिग्रह शिकवतो आणि ही शेअर मोजायला सांगते! पण परिग्रह परिमाण व्रत घेताना मर्यादा घालायची कशाला? आपल्याजवळ काय आहे तेच माहीत नसेल, तर काय ठेवायचे आणि काय दानात द्यायचे, हे ठरणार कसे?

या रविवारी यजमानांजवळ बसा. डीमॅटचा क्रमांक, वारसदाराचे नाव आणि लाभांशाचे बँक खाते, या तीन गोष्टी एका वहीत लिहून घ्या.