न्यूटनची नोकरी

न्यूटनने आयुष्याची शेवटची तीस वर्षं वाया घालवली, असं मी बरीच वर्षं मानत आलो आणि चारचौघांत बोलतही आलो. ‘प्रिन्सिपिया’ आलं 1687 मध्ये. त्यानंतर 1696 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हा माणूस केंब्रिज सोडून लंडनला जातो आणि टॉवर ऑफ लंडनमधल्या टांकसाळीचा वॉर्डन होतो. पुढे मास्टर होतो आणि 1727 मध्ये मरेपर्यंत ती खुर्ची सोडत नाही. नोकरी मिळवून देणारा चार्ल्स मॉन्टेग्यू तेव्हा इंग्लंडचा तिजोरीमंत्री. त्याने पत्रात सरळ लिहिलं होतं की वर्षाला पाच-सहाशे पौंड मिळतील आणि कामाचा फारसा व्याप नाही. थोर माणसाची सोय लावायची सरकारी रीत. न्यूटनने तिथे शोभेपुरतं बसायचं, तर हा गृहस्थ भट्ट्या, घोडे आणि हिशेबाच्या वह्यांत बुडून गेला. मला त्याचा राग यायचा.

शिवाय मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी, म्हणजे जॉन लॉकचा भक्त. राज्य लोकांच्या संमतीवर उभं असतं आणि विश्वासघात करणाऱ्या राजाला दूर करता येतं, हे ज्याने ठासून मांडलं तो लॉक. डोक्यात वाटणी पक्की होती: आधुनिक सरकार लॉकने घडवलं, आधुनिक विज्ञान न्यूटनने. दोघे एकमेकांचे मित्र होते, हे ऐकून बरं वाटायचं, इतकंच. टांकसाळ म्हणजे न्यूटनच्या चरित्रातली तळटीप.

ही वाटणी उधळली चांदीच्या नाण्यांवरून झालेल्या एका भांडणाने.

इंग्लंडमध्ये तेव्हा दोन प्रकारची चांदीची नाणी चालत. जुनी, हातोड्याने ठोकून पाडलेली. त्यांच्या कडा ओबडधोबड, त्यामुळे कातरून थोडी चांदी काढून घेतली तरी पटकन कळत नसे. आणि 1662 नंतरची, यंत्रावर पाडलेली. त्यांच्या कडेवर खाचा किंवा अक्षरं असत, म्हणजे कातरलं की लगेच उघडं पडणार. साहजिकच लोक भरलेली नाणी दडवत किंवा वितळवत आणि कातरलेली पुढे सरकवत. 1695 मध्ये सरकारने तिजोरीत आलेली नाणी तोलून पाहिली, तर कायद्याने हवं त्याच्या जवळजवळ निम्मंच वजन भरलं. वर फ्रान्सशी युद्ध चाललेलं, सैन्याला पैसा हवा. सगळी जुनी नाणी गोळा करून नवी पाडायची हे ठरलंच होतं. वाद होता तो नव्या नाण्यात चांदी किती घालायची याचा.

तिजोरीचा सचिव विल्यम लाउंड्स म्हणाला, बाजारात चांदी महागली आहे, तर क्राउन या चांदीच्या नाण्याची किंमत पाच शिलिंगांवरून सव्वासहा करा. म्हणजे त्याच शिलिंगात पाचव्या हिश्श्याने कमी चांदी. लॉक भडकला. त्याचं म्हणणं असं की पैसा म्हणजे ठरलेल्या वजनाची चांदी, आणि लोकांनी आपसांत करार केले ते त्या वजनावर. सरकारने वजन कमी केलं तर सावकार, जमीनमालक, पगारदार, सगळ्यांची ती लूटच. युक्तिवाद देखणा आहे, आणि तो लॉकच्या राज्यविचारातूनच आला आहे: मालमत्ता सरकारच्या आधीची, सरकार तिचं राखणदार. सरकारने काही जाणत्यांची मतं मागवली, त्यांत न्यूटनही होता. त्याचा कौल लाउंड्सच्या बाजूने झुकणारा होता. सरकारने ऐकलं लॉकचं.

पुढे जे झालं ते वाचताना माझी लॉकवरची श्रद्धा डळमळली. मे 1696 पासून कातरलेलं नाणं करापोटी पूर्ण किमतीला घेणं बंद झालं. ज्यांना मोठा कर भरायचा होता त्यांनी त्याआधीच आपली कातरलेली नाणी सरकारच्या गळ्यात मारली. उरली ती मजुराच्या, छोट्या दुकानदाराच्या हातात, आणि त्याला ती बट्ट्याने विकावी लागली. नवी नाणी वेळेवर पुरेशी पडली नाहीत, व्यवहार अडले, काही ठिकाणी दंगे झाले. नव्या नाण्यात चांदी भरपूर, म्हणून ती वितळवून परदेशी पाठवणं फायद्याचं. हा तोटा भरायला सरकारने घरांच्या खिडक्यांवर कर बसवला. तो 1851 पर्यंत टिकला. मधल्या काळात लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. मालमत्तेच्या पावित्र्यासाठी लढलेल्या तत्त्वज्ञाचं हे फळ!

आणि आपल्याला न पटलेला हा निर्णय अमलात आणायचं काम न्यूटनकडे आलं. त्याने कुरकुर केली नाही. यंत्र मिनिटाला पन्नासेक नाणी पाडू शकतं, त्यासाठी किती माणसं, किती घोडे, कोण कुठे खोळंबतो, हे तो मोजत बसला. दुय्यम टांकसाळी उघडल्या, त्यांतल्या चेस्टरच्या टांकसाळीत एडमंड हॅली होता. धूमकेतूवाला हॅली. दोन-तीन वर्षांत साठ लाख पौंडांहून अधिक किमतीची चांदीची नाणी पाडली गेली.

पण माझं मत खरं फिरलं ते 1717 च्या अहवालाने. चांदी देशात का टिकत नाही, या प्रश्नाचं उत्तर न्यूटनने नीतीच्या भाषेत दिलं नाही. त्याने देशोदेशीचे भाव मांडले. चीन-जपानमध्ये एक पौंड सोन्याला नऊ-दहा पौंड चांदी, हिंदुस्थानात बारा, इंग्लंडमध्ये पंधराच्या वर. म्हणजे जहाजं चांदी घेऊन पूर्वेकडे जाणारच. त्यात कोणाची बेइमानी शोधायला नको. उपाय काय, तर सोन्याच्या गिनीची किंमत साडेएकवीस शिलिंगांवरून एकवीस करा, परिणाम पाहा, आणि पुढे आणखी किती उतरवायची ते त्यावरून ठरवा.

थोडं करून पाहा, मग ठरवा. असं कोणी सरकारला सांगितल्याचं इतक्या जुन्या काळात मी वाचलं नव्हतं. लॉक सरकारला सांगतो की तू काय करू शकत नाहीस. न्यूटन सांगतो की करून पाहा आणि मोज. दोन्ही लागतं, पण राज्यशास्त्राच्या पुस्तकांत पहिल्याला प्रकरण आहे, दुसऱ्याला ओळसुद्धा नाही.

आता गंमत म्हणजे न्यूटनचं गणित बरोबर होतं, पण अर्धा शिलिंग पुरला नाही. पुढची कपात कोणी केलीच नाही. चांदी जातच राहिली, सोनं येत राहिलं, आणि इंग्लंड कोणी ठरवल्याशिवाय सोन्याच्या चलनावर जाऊन बसलं. करून पाहिलं, परिणाम दिसला, पण दुसरा टप्पा घ्यायला सरकारला निकड वाटली नाही. आपल्याकडच्या कित्येक सरकारी योजना इथे आठवतात, पण तो विषय वेगळा.

एका बाबतीत मात्र माझं जुनं मत कायम आहे. खोटी नाणी पाडणं हा तेव्हा राजद्रोह होता आणि गुन्हेगार पकडून देणं वॉर्डनच्या कामात येत असे. न्यूटनने सुरुवातीला हे काम आपल्याकडून काढून घ्या अशी विनंती केली; ती मान्य झाली नाही. मग तो त्यातही शिरला, खबरे नेमले, स्वतः जबान्या घेतल्या. विल्यम चॅलोनर नावाचा खोटी नाणी पाडणारा पट्टीचा चोर, ज्याने टांकसाळीवरच भ्रष्टाचाराचे आरोप करून आत शिरायचा डाव टाकला होता, त्याच्याविरुद्ध न्यूटनने साक्षीदारांमागून साक्षीदार उभे केले. चॅलोनरने तुरुंगातून त्याला जीव वाचवण्यासाठी गयावया करणारी पत्रं लिहिली. न्यूटनने उत्तर दिल्याची नोंद नाही. मार्च 1699 मध्ये चॅलोनरला टायबर्नला फासावर चढवलं. चोर होता, मान्य. तरीही परिणाम पाहून पुढचं ठरवू म्हणणारा हाच माणूस इथे इतका निःशंक कसा, हे मला अजून पचत नाही.