सिपना म्हणजे काय रे भाऊ?

अमरावतीकराला ‘सिपना’ म्हटलं की आधी आठवतं इंजिनिअरिंग कॉलेज. मलाही तेच आठवायचं. त्या नावाची नदी मेळघाटात वाहते, एवढं जनरल नॉलेज होतं, बस्स. मग एका शनिवारची मीटिंग टळली, बाइक काढली, परतवाड्याला चहा मारला आणि घटांगचा घाट चढून सेमाडोह, तिथून कोलकास.

कोलकासला खाली सिपना वाहत होती. सोबतचा गाइड कोरकू. विचारलं, “दादा, सिपना म्हणजे काय?” त्यानं हनुवटीनंच काठावरचं झाड दाखवलं. “साग. आमच्या बोलीत सागाले सिपना म्हंतात.”

म्हणजे सागाची नदी! इतकी वर्षं जे नाव नुसतं बोर्डावर वाचलं, त्याला एकदम पानं फुटली.

मेळघाटात अशी गंमत आहे. काही नावं आपली, सहज उलगडतात. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ, गाविलगड गवळ्यांचा, सेमाडोहात डोह आहेच. चिखलदऱ्याला चिखल शोधू नका, तो म्हणे कीचकाचा दरा. भीमानं त्याला मारून तिथंच फेकला. पण कोरकू कानाला वेगळी लागते. तिची सख्खी भावंडं मुंडारी आणि संथाली, पार झारखंडकडची. पाण्याला संथालीत ‘दाक्’, कोरकूत ‘डा’. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ लावलं की अनेक. कोरकू म्हणजे माणसं, एवढंच! वाघ ‘कुला’, आणि त्याचा उल्लेख मानानं, ‘कुला मामा’.

नकाशावाले हे सगळं ऐकून घेत नाहीत. 29 नोव्हेंबर 1803 ला अकोल्याकडच्या अडगावला इंग्रज-मराठे लढाई झाली, इंग्रजी पुस्तकांत ते ‘अरगाम’ झालं. 15 डिसेंबरला गाविलगड पडला, त्याचं ‘गाविलघर’! त्या फौजेत स्कॉटलंडची 78 वी हायलँडर पलटणही होती. त्यांच्या मुलखात गेलिक नावं. ‘इन्व्हर’ म्हणजे नदीचं मुख, म्हणून नेस नदीच्या मुखाशी इन्व्हरनेस. तिकडेही इंग्रजी नकाशांनी अशीच मोडतोड केली. आता तिथं पाट्या दोन्ही भाषांत लागतात. आपल्याकडे सिपनेच्या पुलावर ‘साग’ एवढं लिहायला किती रंग लागेल?

घाई यासाठी की माणसंच हलतायत. मेळघाट 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. 2000 नंतर बोरी, कोहा, कुंड अशी गावं गाभ्यातून उठून खाली मैदानात आली, मागून आणखी आली. शाळा, रस्ता, दवाखाना जवळ आले, वाघालाही जागा मिळाली. त्याला माझा विरोध नाही. पण ओढ्याला, टेकडीला हाक मारणारंच कुणी तिथं उरलं नाही.

गाइडचे सोयरे कुंडचे. “खाली बी गावाचं नाव कुंडच काय?” मी विचारलं.

“नाव तेच हाय. पानी नळाचं.”

मग तो वरच्या ओढ्यांची नावं सांगत सुटला. मला लिहिता येईनात, मोबाइलचा रेकॉर्डर लावला. सात झाली, तेवढ्यात जिप्सीवाल्यानं हॉर्न दिला.